चुकीच्या तिरप्यावरचा उंट

१

बुधवारी दुपारी सव्वादोनला रुग्णवाहिका किनु-सानच्या सोबा नूडल्सच्या दुकानासमोर येऊन थांबली, तेव्हा किनु-सान भांडी विसळत होती आणि तिच्या घरात कुणीही आजारी नव्हतं.

"घर चुकलं तुमचं," ती म्हणाली.

"वरची खोली. शोगी क्लब. म्हातारे गृहस्थ कोसळलेत, फोन आला होता."

"बुधवारी क्लब बंद असतो हो."

माणसं तोवर जिना चढून गेली होती. वर तेइकिची ओनोदेरा जमिनीवर कुशीवर निजलेले. पाठीशी उशीसारखी लावलेली बसायची गादी, अंगावर त्यांचाच जाड कोट, गळ्याची बटणं सोडलेली. दोन पावलांवर शोगीचा, म्हणजे जपानी बुद्धिबळाचा पट, त्यावर अर्धवट राहिलेला डाव. चहाचे दोन कप. त्यातला एक अजून कोमट होता.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

मी तामाए योकोओ. एकतीस वर्षं तेंदो या शोगीचे मोहरे घडवणाऱ्या गावात घरोघर फिरणारी नर्स होते. निवृत्त झाले तरी जुन्या पेशंटांचं ब्लडप्रेशर दर सोमवारी बघत होते, आणि तेइकिची-सान त्यातलेच एक. वय चौऱ्याहत्तर. मोहऱ्यांवर रोगणाने अक्षरं काढण्यात सगळ्या गावात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

हॉस्पिटलातले डॉक्टर मला म्हणाले, "अजून अर्धा तास गेला असता तर हाती काही लागलं नसतं. ज्याने कुशीवर वळवलं आणि फोन केला, त्याने वाचवलंय यांना."

फोन तांदळाच्या दुकानासमोरच्या सार्वजनिक डब्यातून आला होता. पुरुषाचा आवाज. उजवी बाजू गेलीय, श्वास चालू आहे, लवकर या, एवढं बोलून त्याने फोन ठेवला. नाव सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी तेइकिची-सान डोळे उघडून नीट बघायला लागले. जीभ जड झालेली, उजवा हात लुळा. त्या बुधवारचं त्यांना काहीही आठवत नव्हतं. मी पाटी धरली. डाव्या हाताने त्यांनी वेडीवाकडी दोन वाक्यं लिहिली. ज्या माणसाच्या अक्षरासाठी लोक वर्ष वर्ष थांबायचे, त्याची ती अक्षरं बघून मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

"कोण होता? आभार मानायचेत."

त्यांचा मुलगा फुमिओ माझ्यामागे उभा होता. त्याने मला बाहेर नेलं.

"तामाए-सान, बाबांना सांगू नका. देवळात अर्पण करायचा मोहऱ्यांचा संच, तीन वर्षं लिहीत होते तो, कारखान्यातून गेलाय. त्याच दिवशी. कुलूप फोडलेलं नाही. किल्ली कुंडीखाली असते हे ठाऊक असलेला माणूस आहे." त्याचा आवाज बारीक झाला. "बाबांना ज्याचे आभार मानायचेत, त्यालाच मला पोलिसांत द्यायचंय असं दिसतंय. शनिवारपर्यंत थांबतो. मग जातो ठाण्यावर."

२

क्लबची खोली तशीच होती. अर्धा राहिलेला डाव उधळायचा नाही, असं क्लबचे चिटणीस सुगेनुमा यांनी किनु-सानला बजावलं होतं. निवृत्त मुख्याध्यापक, ताठ मानेचे, बोलताना समोरच्याला शेवटच्या बाकावर बसवणारे.

"तुम्हाला शोगी येतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग बघून काय करणार?"

"पेशंटची खोली बघते तसं बघणार. तुम्ही सांगा, मी ऐकते."

त्यांना सांगायला आवडायचं. शोगीत मारलेला मोहरा मरत नाही. तो मारणाऱ्याच्या हाती येतो आणि त्याच्याच बाजूने पटावर हवा तिथे उतरवता येतो. उंट दोन्हीकडे एकेकच असतो आणि तो तिरपा चालतो. आपला उंट ज्या तिरप्या घरांतून चालतो, ती सोडून मधल्या घरांत तो जन्मात जाऊ शकत नाही.

"आता हे बघा." त्यांनी पटाच्या मधोमध बोट दाखवलं, पण मोहऱ्याला शिवले नाहीत. "हा उंट चुकीच्या तिरप्यावर बसलाय. सुरुवातीलाच उंटाला उंट मारायचा, हाती आलेला उंट लगेच भलत्याच तिरप्यावर उतरवायचा, एक प्यादं खायचं. झालं. एका प्याद्यापायी उंट अडकवून घ्यायचा. शेजाऱ्याच्या कुंपणावरून चढून एक पर्सिमनचं फळ तोडायचं आणि मग पलीकडेच अडकून बसायचं, तसला प्रकार."

"आणि असं कोण खेळतं?"

"तेइकिची. चाळीस वर्षं. दुसरं कोण खेळणार? मी त्याला तोंडावर सांगितलं होतं, हे शोगी नव्हे, आणि वीस वर्षांत या डावासमोर मी बसलेलो नाही. क्लबात कुणीच बसत नाही."

"म्हणजे ही बाजू तेइकिची-सानची."

"उघडच आहे."

"पण मग समोर कोण बसलं होतं?"

सुगेनुमांनी बोट मागे घेतलं. "तेच कळत नाही," ते म्हणाले. "खेळ चांगला आहे. दोन्हीकडून."

"बुधवारी दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"यामागाताला, नातवाच्या शाळेत. अडीचशे आयांसमोर भाषण करत होतो. विचारा हवं तर."

मी नर्सच्या सवयीने वही काढली आणि सगळा पट उतरवून घेतला. कुठल्या घरात काय, तोंड कुणीकडे, अक्षर कसं. मला खेळ कळत नव्हता, म्हणून काहीही गाळलं नाही.

तिथून मी कारखान्यात गेले. फुमिओने दार उघडलं. संचाच्या पेटीची जागा रिकामी होती. ओलाव्याचं कपाट, ज्यात ताजं रोगण वाळायला ठेवतात, तेही रिकामं होतं. स्टोव्ह नीट बंद केलेला. ब्रश तेलात धुऊन, कागदात गुंडाळून ओळीने ठेवलेले. मी एक उघडला. टोक मऊ होतं.

"बाबा टापटिपीचे," फुमिओ म्हणाला.

मी ब्रश पुन्हा कागदात गुंडाळला. गेल्या चार सोमवारी तेइकिची-सान चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होते. त्या हातांनी त्यांनी त्या सकाळी ब्रश चालवला, हे मला पटत नव्हतं. आणि चोरी करून जाताना ब्रश धुणारा चोर मी तरी ऐकला नव्हता.

३

मोहऱ्यांचा व्यापारी इगाराशी मला किनु-सानच्याच दुकानात सापडला. बाहेर कमरेएवढा बर्फ आणि हा गृहस्थ कोंबडीचा थंड सोबा खात होता, जसा आमच्या गावात सगळेच खातात.

"या, सिस्टर. मला पकडायला आलात ना? फुमिओ तीन दिवस माझ्याकडे असा बघतोय की मी त्याच्या बापाला खाल्लाय."

"संच तुम्हाला हवा होता."

"हवा होता. चार वेळा मागितला, चार वेळा म्हाताऱ्याने हाकलला. देवाला कबूल केलाय म्हणाला." त्याने रस्सा प्यायला. "पण तुम्हीच सांगा, चोरून मी तो विकणार कुणाला? तेइकिचीचं अक्षर बाजारात माणसाच्या चेहऱ्यासारखं ओळखतात. आणि डाव खेळायचा म्हणाल, तर माझा राजा दहाव्या चालीला शरण जातो. किनु-सान, खोटं बोलतोय का मी?"

"आठव्या," किनु-सान आतून म्हणाली.

मी त्याच्यापुढे वही ठेवली. एक शंका मला सकाळपासून टोचत होती आणि सुगेनुमांना विचारायची लाज वाटत होती. "इगाराशी-सान, हे दोन राजे सारखे का नाहीत? एकाच्या अक्षरात एक ठिपका जास्त आहे. मी उतरवताना चुकले की पटावरचा मोहरा खराब आहे?"

तो हसला. "एकतीस वर्षं तेंदोत राहून हे विचारताय? प्रत्येक संचात असंच असतं. बिनठिपक्याचा राजा मोठ्याचा, ठिपक्याचा धाकट्याचा. वयाने नाहीतर दर्जाने. मोठा माणूस पेटीतून आपला राजा आधी उचलतो, उरलेला धाकटा घेतो. यात चूक झाली तर गिऱ्हाईक नाराज होतं. तेइकिचीसमोर तर कुणाची बिशाद."

मी वही माझ्याकडे वळवली.

वहीत चुकीच्या तिरप्यावरच्या उंटामागे जो राजा उभा होता, त्यावर ठिपका होता.

४

सुगेनुमांनी वही बघितली. मग चष्मा पुसला आणि पुन्हा बघितली.

"वर चला," ते म्हणाले. आम्ही वर गेलो. पटावरही तसंच होतं.

"उंट दिसला आणि त्यापुढे मी काही बघितलंच नाही," ते हळूच म्हणाले. मुख्याध्यापकाच्या तोंडून अशी कबुली यायला वेळ लागतो. "माझा दर्जा वरचा, म्हणून माझ्यासमोर बसायचा तेव्हा तेइकिची ठिपक्याचा राजा घ्यायचा. बाकी क्लबात कुणाहीसमोर घेणार नाही."

"तुम्ही तर भाषण करत होतात."

"हो. म्हणजे तेइकिची या बाजूला. बिनठिपक्याच्या. आणि तो वाकडा खेळ त्याच्यावरच कुणीतरी खेळलंय."

"त्यांच्याहून धाकटं, चांगलं खेळणारं, आणि त्यांचीच रीत शिकलेलं," मी म्हणाले. "अशी किती माणसं आहेत?"

ते खिडकीशी गेले. खाली रस्त्यावर बर्फ लोटणारी गाडी घरघरत चालली होती.

"एक होता. हिदेजी आकुत्सु. तेइकिचीचा शिष्य. मोहरे लिहायला त्याच्याकडेच शिकला, खेळायलाही. अठरा वर्षांपूर्वी प्रांताच्या स्पर्धेत हाच डाव खेळत उपांत्य फेरी जिंकला. आम्ही जाणती माणसं मागे बसून हसलो. खाणावळीतलं शोगी म्हणालो. मी सगळ्यात मोठ्याने हसलो असेन. अंतिम फेरीत बिचाऱ्याने तो डाव टाकला, सरळ खेळायला गेला आणि हरला. मग सगळ्यांसमोर म्हणाला, माझ्या गुरूला खरं शोगी येतच नाही."

"तेइकिची-सान तिथे होते?"

"दारात उभे होते. त्याच्यासाठी जेवणाचा डबा घेऊन आले होते." त्यांनी घसा साफ केला. "दुसऱ्या दिवसापासून आकुत्सु कारखान्यात गेला नाही. ते वाक्य त्याचं नव्हतं, तामाए-सान. ते आम्ही त्याच्या तोंडात घातलं होतं."

"आता कुठे असतो?"

सुगेनुमांनी खाली बोट दाखवलं. "ती गाडी चालवतो."

५

गाड्यांच्या आवारात आकुत्सु टायरच्या साखळ्या तपासत होता. पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा, नजर खाली. दोन्ही मनगटांना पट्ट्या बांधलेल्या.

"काय झालं हाताला?"

"साखळी लागली."

"दोन्ही हातांना? सारखीच?" मी जवळ गेले. "दाखव. नर्स आहे मी, चावत नाही."

त्याने पट्टी सोडली नाही, पण हात मागेही घेतला नाही. मीच सोडली. लाल चट्टे, बारीक पाण्याचे फोड. तेंदोतल्या नर्सला हे पुस्तकात शोधावं लागत नाही. उरुशीचं रोगण सवय मोडलेल्या कातडीला असंच चावतं.

"किती वर्षांनी हात लावलास रोगणाला?"

त्याने साखळीची एक कडी चाचपली.

"आकुत्सु-सान, म्हातारे वाचलेत. बोलणं जड आहे, पण डोकं शाबूत आहे. त्यांना तुझे आभार मानायचेत आणि तू कोण हे त्यांना आठवत नाही. शनिवारी त्यांचा मुलगा पोलिसांत जाणार आहे. उद्या शनिवार."

त्याने साखळी खाली ठेवली आणि गाडीच्या पायरीवर बसला.

"मी वचन दिलंय."

"कुणाला?"

"शिशोंना." अठरा वर्षांनंतरही तो त्यांना गुरूच म्हणत होता. "रोज पहाटे त्यांच्या गल्लीतला बर्फ मी काढतो. कारखान्याची खिडकी गाडीतून दिसते. महिनाभर बघत होतो. डाव्या हाताने उजवं मनगट आवळून धरायचे, तरी ब्रश थरथरायचा. मग ब्रश ठेवून नुसते बसायचे. बुधवारी काम संपवून गाडी ठेवली आणि आत गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, दार लाव, गार वारा येतोय." त्याच्या ओठाचा कोपरा हलला. "अकरा मोहरे लिहायचे राहिले होते. मी ब्रश उचलला. अठरा वर्षं मी टाकाऊ लाकडावर लिहीत होतो, पण शाईने. रोगण घ्यायची हिंमत नव्हती. त्यांनी पहिला मोहरा बराच वेळ बघितला आणि दुसरा पुढे सरकवला. चार झाले. म्हणाले, हात गेलाय हे फुमिओला कळता कामा नये, तो कारखाना बंद करेल. संच पुरा होईपर्यंत कुणाला सांगू नकोस. मी हो म्हणालो. मग म्हणाले, क्लब रिकामा असेल, चल."

"आणि तू तो डाव खेळलास."

"माफी मागायला तोंड उघडत नव्हतं. म्हणून उंट उतरवला." तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. "त्यांनी बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. खेळत राहिले. तिसाव्या चालीच्या आसपास हातातलं प्यादं पडलं. मला वाटलं, रागाने. मग ते स्वतःच कलंडले. सिस्टर, मी मारलं का त्यांना? तो डाव बघून झालं का ते?"

म्हणून हा माणूस नऊ दिवस लपला होता. पोलिसांच्या भीतीने नाही.

मी वही काढून सोमवारचं पान त्याच्यापुढे धरलं. "हा त्यांचा रक्तदाबाचा आकडा. वरचा एकशे ब्याण्णव. बुधवारच्या दोन दिवस आधीचा. मी ओरडले, डॉक्टरकडे चला म्हणाले, ते हो हो म्हणून बसून राहिले. हे होणारच होतं. तू गेला नसतास तर कारखान्यात एकटे पडले असते, आणि फुमिओ संध्याकाळी सातला येतो. तुझ्या डावाने घात झाला नाही. तू समोर होतास म्हणून ते आहेत."

त्याने टोपी काढली, तोंडावर धरली आणि तसाच बसून राहिला. मी आवारातल्या गाड्या मोजत उभी राहिले. एकवीस होत्या.

"संच?" मी थोड्या वेळाने विचारलं.

"माझ्याकडे. ते चार ओले होते. कारखाना गार पडला असता, कपाटात पाणी शिंपडायला कुणी नव्हतं. रोगण बिघडलं असतं. रुग्णवाहिका गेल्यावर मी पेटी उचलली, ब्रश धुतले आणि आलो. उरलेल्यातले पाच झालेत. दोन राहिलेत."

"ते नंतर. आधी मलम लावू, आणि मग माझ्याबरोबर चल."

"फुमिओ मला आत येऊ देणार नाही."

"त्याचं मी बघते."

६

शनिवारी सकाळी फुमिओ कोट घालून तयारच होता. मी त्याला हॉस्पिटलच्या बाकावर बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं: ठिपका, ब्रश, मनगटं, गल्लीतली खिडकी. जिन्याजवळ आकुत्सु पेटी छातीशी धरून उभा होता, आणि त्याच्याशेजारी, कुणी बोलावलं नसताना, सुगेनुमा.

फुमिओ उठला. मला वाटलं, आता भांडण होणार. तो आकुत्सुसमोर गेला आणि कमरेतून वाकला, इतका की त्याचा मफलर जमिनीला लागला.

"बाबांना वाचवलंस," तो म्हणाला.

"फुमिओ-सान, नको. वर बघा."

"मी तुला चोर म्हणणार होतो आज."

"पेटी नेली होती ना मी."

आम्ही आत गेलो. तेइकिची-सान उशीला टेकून बसले होते. त्यांनी आधी मला बघितलं, मग सुगेनुमांना, मग दारातल्या माणसाला. बराच वेळ बघत राहिले.

"हिदे," ते म्हणाले. शब्द जड होता, पण कळला.

आकुत्सु पलंगाशी गुडघ्यांवर बसला. मी त्यांना बुधवारची हकीकत थोडक्यात सांगितली. हात थरथरण्याची गोष्ट फुमिओसमोर बोलावी लागली, तेव्हा त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा फुमिओने त्यांचा लुळा हात आपल्या हातात घेतला होता. "बंद नाही करत कारखाना," तो म्हणाला. "मला विचारायचं तरी, बाबा."

त्यांनी डाव्या हाताने पाटी मागितली. आकुत्सुने त्यांचा हात धरून थांबवला.

"लिहू नका, शिशो. आभार माझ्याकडून राहिलेत. अठरा वर्षांचे. मी त्या दिवशी जे बोललो..."

म्हाताऱ्याने मान हलवली, म्हणजे पुरे. मग जिभेशी झटत एकेक शब्द बाहेर काढला. "कोण... जिंकत... होतं?"

"तुम्ही," आकुत्सु म्हणाला.

"खोटं बोलतोय," सुगेनुमा मागून म्हणाले. "मी तीन दिवस बघतोय तो पट. शिष्याचा डाव सरस आहे. तेइकिची, तुझी ही रीत इतकी अवघड असेल असं मला वाटलं नव्हतं. हसलो ते माझं चुकलं. ही माफी तुझी नाही, याची मागतोय." त्यांनी आकुत्सुकडे बघून मान झुकवली.

तेइकिची-सानचा अर्धाच चेहरा हसला. तेवढा पुरला. इतक्या वर्षांत पुष्कळ लोकांनी माझे आभार मानलेत, बटाटे दिलेत, लोणची दिलीत. पण त्या खोलीत उभं राहायला मिळालं, याबद्दल मीच कुणाचे तरी आभार मानायला हवे होते, आणि कुणाचे ते कळत नव्हतं.

थोड्या वेळाने मी बाहेर आले. फुमिओ आधीच येऊन भिंतीला टेकला होता.

"लहानपणी बाबांनी मलाही ब्रश दिला होता," तो म्हणाला. "मला जमलं नाही. मग हिदेजी आला आणि बाबा काम करताना गुणगुणायला लागले. तो सोडून गेला तेव्हा मला बरं वाटलं होतं, तामाए-सान. ते बरं वाटलेलं अठरा वर्षं मला टोचतंय." त्याने नाक पुसलं. "मी रोज त्यांच्यासमोर बसून जेवतो. हात थरथरताना मला दिसला नाही. त्याला चालत्या गाडीतून दिसला."

"आता दोघांनाही दिसेल," मी म्हणाले.

तो आत डोकावला.

"हिदेजी, जेवलास का?"

"नाही."

"चल. बाबांना झोपू दे जरा."

मी खिडकीतून बघत होते. दोघं हॉस्पिटलच्या फाटकातून बाहेर पडले. आकुत्सु सवयीने एक पाऊल मागे चालत होता. कोपऱ्यावर फुमिओ थांबला आणि तो बरोबरीला आल्यावरच पुढे निघाला.